स्वच्छ काठाचा पुरस्कार

राजश्री हाटेला महाडात सगळे डॉक्टर म्हणतात, त्यामुळे पावसाळ्यात कुणी ना कुणी तिला रस्त्यात गाठून खोकल्याचं औषध विचारतंच. ती डॉक्टर आहे नदीकाठच्या झाडाझुडपांची. जी झाडं पूर्वी काठावर आपोआप असायची आणि आता नाहीत, ती परत आणणं हे तिचं काम. तिचे वडील नागसेन हाटे शाळेत लेखनिक होते, आता निवृत्त आहेत. पाहुण्यांना ते थोडक्यात सांगतात, "मुलगी नदीकाठी झुडपं लावते." मग पाहुण्याचा चेहरा बघून घाईने जोडतात, "पीएचडी करून."

एकवीस सालच्या पुरात हाट्यांच्या घरात पाणी पंख्यापर्यंत चढलं होतं. घराघरांतला चिखल उपसून झाला आणि गावाचं एकमत झालं : नदी खणा, काठ साफ करा, भिंत बांधा. अशा वेळी एका सभेत राजश्री उभी राहिली आणि म्हणाली की, वरच्या अंगाला, पोलादपूरकडे, सावित्रीच्या काठावर झुडपं लावायला हवीत.

"त्यानं पूर थांबेल का?" मागून कुणीतरी विचारलं.

"नाही. पूर नाही थांबणार. काठ ढासळायचा कमी होईल, नदीत माती कमी येईल."

तिच्या आधी बोललेल्या भिंतवाल्यांनी पूर थांबेल असं छातीठोक सांगितलं होतं. टाळ्या त्यांना पडल्या.

ती ज्या संस्थेत काम करायची, तिला अखेर पोलादपूरच्या खालची एक वाडी मिळाली. तिथले सरपंच सहदेव मुंबईत कुरियर कंपनीत बरीच वर्षं काढून परतलेले. त्यांनी मोठ्या मनाने नदीचा एक तुकडा देऊन टाकला. "घ्या मॅडम, फुल सपोर्ट. तसाही तिकडे काय उपयोग नाय, पोरांना क्रिकेटपण खेळता येत नाय."

त्या तुकड्याच्या डोक्यावर रंगूबाईचं भातशेत होतं. नदी दर पावसाळ्यात त्याचा एक लचका तोडून न्यायची. दोन्ही मुलगे मुंबईला, आणि बांधावर उभं राहून नदीला शिव्या देणं हे रंगूबाईचं आषाढातलं कायमचं काम.

राजश्रीने उन्हाळ्यात गोट्यांच्या फटींतून शेरणीच्या काड्या रोवल्या. शेरणी म्हणजे बारीक पानांचं, लवचिक फांद्यांचं झुडूप. पूर आला की प्रवाहात आडवं होतं, ओसरला की उठतं, आणि मुळांनी गोटे धरून ठेवतं. तिच्या मागे निर्गुडी आणि वाळुंज, त्यांच्या वर करंज आणि उंबर. पहिल्याच पावसाळ्यात त्यातलं जवळजवळ सगळं वाहून गेलं.

"तुजी झाडं गेली म्हाडला," रंगूबाई बांधावरून ओरडली. "बापाला फोन कर गो, म्हनावं दारात अडवून घे!"

 दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र तिने त्याच जागी पुन्हा काड्या रोवल्या, या वेळी जास्त खोल, मोठ्या धोंड्यांच्या आडोशाला. त्या टिकल्या. तिसऱ्या वर्षी काठावर अशी गच्च झाडी माजली की खंड्या पक्षी येऊन बसायला लागले. रंगूबाईच्या शेताचा लचका तुटायचा थांबला, तरी तिने शिव्या चालूच ठेवल्या. तिचं म्हणणं, नदीला सवय राहिली पाहिजे.

तिसऱ्या वर्षाअखेर पाहणीसाठी जिल्ह्याची समिती आली. समितीचे साहेब बूट सांभाळत खाली उतरले, आजूबाजूला बघितलं आणि म्हणाले, "चला, आता प्रकल्पाच्या जागी जाऊ."

"सर, आपण प्रकल्पातच उभे आहोत."

साहेबांनी पुन्हा बघितलं. समोर झुडपं, मागे झुडपं, विजारीला चिकटलेलं गवताचं कुसळ. "म्हणजे हे असंच होतं ना आधीपासून?"

"शंभर वर्षांपूर्वी असेल. मधे नव्हतं."

साहेबांना शंभर वर्षांपूर्वीचं पाहायचा अधिकार नव्हता. रांगा नाहीत, कुंपण नाही, झाडांभोवती आळी नाहीत. राजश्रीच्या कामाची हीच गंमत आहे : ते बिघडलं तर सगळ्यांना दिसतं, साधलं तर तिथे कुणी हात लावला असेल अशी शंकाही येत नाही. शेवटी साहेबांनी आधीचे आणि नंतरचे फोटो पाठवायला सांगितले. तिने पाठवले.

काही महिन्यांनी समितीची पुस्तिका छापून आली. तिच्यात उघडाबोडका, चकचकीत गोट्यांचा काठ "कामानंतर" या नावाखाली होता आणि शेरणीचं रान "कामापूर्वी". कुणीतरी मजकूर सुधारला होता, अगदी सद्भावनेने. सोबत पत्र होतं. स्वच्छ नदीकाठाचा जिल्हास्तरीय पुरस्कार डॉ. राजश्री हाटे यांना.

तिने समितीच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मॅडम, फोटो बदलायचा म्हणजे पुरस्कार बदलावा लागेल. तुम्हाला नको आहे का?"

तोवर नागसेनरावांनी विहारात पेढे वाटून टाकले होते. "बाबा, तो पुरस्कार मी न केलेल्या कामाचा आहे," ती म्हणाली. त्यांनी उरलेला पेढा तिच्या हातावर ठेवला. मग म्हणाले, "केलेल्या कामाचा कुणी दिलाय का अजून? जा, आणि खरं काय ते तिथं सांग."

तिने तसंच केलं. समारंभात शाल अंगावर पडताच माइक हातात घेऊन ती म्हणाली, "या पुस्तिकेतले फोटो उलटे छापलेत. काठ मी साफ केलेला नाही. मी तो झाडीने भरलाय."

 निवेदिका कौतुकाने म्हणाली, "किती हा विनय!" आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. घरच्यांसह सगळे उभे राहिले. नागसेनरावांनी डोळे पुसले, पण ते हसत होते की रडत होते, हे राजश्रीला अजून कळलेलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण पुरस्कारप्राप्त काठ बघायला पाहुणे येणार असं कळलं आणि सरपंच सहदेव घाबरले. पुस्तिकेतला काठ आणि वाडीतला काठ यांचा मेळ बसेना. त्यांनी सरळ जेसीबी मागवला.

राजश्री पोचली तेव्हा निम्मा काठ पुस्तिकेसारखा झाला होता. उरलेल्या निम्म्यापुढे रंगूबाई आपल्या शेळ्या घेऊन बसली होती, जेसीबीच्या दातांपासून हातभर लांब.

"रंगूमावशी, उठा ना," सहदेव विनवत होते. "गावाच्या इज्जतीचा सवाल हाय."

"इज्जत तुजी, शेत माजं," रंगूबाई म्हणाली. "ह्या झुडपांनी माजी माती धरलीय. तुज्या पाव्हन्यांनी धरली काय?"

"सहदेवराव, फोटो चुकलाय, काठ नाही," राजश्री म्हणाली. "तुम्ही समारंभाला होतात. मी माइकवरून सांगितलं होतं!"

"मॅडम, मला वाटलं तुम्ही मोठेपणाने बोलताय."

जेसीबी परत गेला. पाहुणे आलेच नाहीत, त्यांना हिरकणीवाडीहून रोपवेने रायगडावर जायचं होतं. राजश्री उपटलेल्या झुडपांत बराच वेळ बसून राहिली. मुळांनी अजून गोटे धरून ठेवले होते, ते तिने एकेक सोडवले.

त्या पावसाळ्यात सावित्री फुगली. झाडीचा निम्मा काठ जागच्या जागी राहिला. साफ केलेला निम्मा ढासळला आणि वाडीची नदीवर जायची वाट घेऊन गेला. पाणी उतरल्यावर राजश्री मोजपट्टी घेऊन तिथे गेली आणि तिच्या लक्षात आलं की, एकच नदी, एकच पूर, एकच माती आणि शेजारी शेजारी दोन काठ, एक झाडीचा, एक बोडका. असा प्रयोग करायला कुठल्याही समितीने तिला परवानगी दिली नसती. ती आनंदाने जवळजवळ ओरडलीच, आणि समोर वाडीतल्या बायका वाट गेली म्हणून कपाळाला हात लावून उभ्या दिसल्यावर ओशाळली. तिचा शोधनिबंध पुढे चांगल्या ठिकाणी छापून आला. त्यात यंत्राने झाडी काढल्याचा उल्लेख आहे, सरपंचांचा नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या ढासळलेल्या भागात पुन्हा लागवड झाली. सहदेव स्वतः पहार घेऊन आले. गोट्यांत भोक पाडता पाडता त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, मधे मधे दोन गुलमोहर चालतील? जरा कलर येईल."

"नाही."

"एक?"

 राजश्रीने त्यांच्या हातात शेरणीच्या काड्यांची जुडी ठेवली, आणि खाली वाकून पुढच्या धोंड्याचा आडोसा शोधायला लागली. बांधावरून रंगूबाई दोघांनाही शिव्या देत होती, काड्या तिरक्या रोवताय म्हणून. काड्या तिरक्याच रोवायच्या असतात, हे तिला कुणी सांगितलं नाही.