जेवणानंतरच्या गोळ्या

मला मदत करणाऱ्या लोकांचा तिटकारा आहे. ‘होता’ असं लिहिलं तर सभ्य दिसेल, पण खोटं ठरेल.

स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि सिंगापूरला टॅम्पिनीसमधल्या आमच्या फ्लॅटवर इथल्या मराठी मंडळींची रीघ लागली. एक बँकवाला गव्हांकुरांचा रस घेऊन यायचा आणि मी ग्लास संपवेपर्यंत समोरून हलायचा नाही, जणू मी त्याचा प्रोजेक्ट. दुसरे एक गृहस्थ पॉझिटिव्ह राहा, पॉझिटिव्ह राहा म्हणत आमच्याच सोफ्यावर आमचाच चिवडा संपवायचे. मी सगळ्यांना ‘बरं आहे’ म्हणायचो. बायकोलाही तेच. डॉक्टरलाही तेच, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. केमो चालू होती. जेवण पचवायला लागणारा रस शरीरात पुरेसा तयार होत नाही, म्हणून तोच रस भरलेल्या कॅप्सूल दिल्या होत्या. त्या कशा घ्यायच्या हे सांगायला एक तरुण नर्स बसली. तिनं बायकोसमोर विचारलं, शौचाला फिकट होते का, तेलकट, पाण्यावर तरंगते का. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हा शब्द मी बायकोसमोर उच्चारलेला नाही. मी म्हणालो, सगळं नॉर्मल. ती पुढे समजावू लागली तर मी म्हटलं, येस, येस, आय नो. कागदाची घडी केली, खिशात घातली. पोरगी दुसऱ्या पेशंटकडे वळली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

घरी त्या कॅप्सूल आपल्याकडची सगळी औषधं जिथे जातात तिथे गेल्या. जेवण झालं, हात धुतला, चूळ भरली, मग गोळी. वडील असंच घ्यायचे, आजोबाही. बँकेत लोकांच्या कागदांवरचा बारीक टाइप वाचून पोट भरणारा माणूस मी, स्वतःचा कागद उघडला नाही.

वजन उतरत गेलं. पोटात मुरडा यायचा, जेवून अर्ध्या तासात संडास गाठायला लागायचा. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की अजून तीन किलो गेले तर शरीराला केमो झेपणार नाही, थांबवावी लागेल. थांबवणं म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही विचारायची गरज नव्हती.

मी दोषी शोधून काढला. बायकोचा स्वयंपाक. म्हटलं, फोडणीत तेल फार असतं तुझ्या. तिनं तेल कमी केलं. मग तूप बंद झालं, मग दाण्याचं कूट, मग खोबरं. शेवटी उकडलेला दुधी आणि गुरगुट्या भात. तरी मी संडासातून बाहेर यायचो आणि तिच्याकडे एक नजर टाकायचो. बोलायचो नाही. त्या नजरेत मी किती नीच होतो ते मला तेव्हाही कळत होतं.

पेशंट लोकांच्या शनिवारच्या बैठकीला तिनंच माझं नाव घातलं. कम्युनिटी क्लबची खोली, गोल मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टिश्यूचा डबा. घरच्यांची बैठक दुसऱ्या खोलीत. एकमेकांची रडगाणी ऐकायला जमलेल्या या लोकांपेक्षा आपण वरचे, अशा थाटात मी बसलो. शेजारी बुकित पंजांगचा एक म्हातारा चिनी टॅक्सीवाला होता. बनियनवर शर्ट उघडा, पायात चपला. मध्यंतरात त्यानं पॅटिससारखा करी पफ उघडला, माझ्याकडे असते तसलीच एक कॅप्सूल तोंडात टाकली, मग घास घेतला. अर्धा पफ झाल्यावर आणखी एक.

मला हसू आलं. मी म्हटलं, अंकल, आधी खा, मग औषध घ्या.

तो चावायचा थांबला. “यू टेक आफ्टर? एव्हरी टाइम आफ्टर?” मी मान डोलावली. “वेस्टेड लाह.” मग दहा माणसांत, मोठ्या आवाजात, त्यानं नर्सनं विचारलेलंच सगळं विचारलं. रंग, तेल, तरंगणं. मी सगळ्याला हो म्हणालो. चार महिन्यांत पहिल्यांदा. तो म्हणाला, औषध अन्नातच मिसळायला हवं, पहिल्या घासाबरोबर घे, जेवताना मध्ये एक घे. आणि विचारलं, घरी काय खातोस? दुधी सांगितल्यावर त्यानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी विसरणार नाही. बरोबरच होतं त्याचं.

दुसऱ्या दिवशी मी क्लिनिकला फोन केला. नर्सनं तेच सांगितलं, डोसही बघितला. तीन आठवड्यांत वजन उतरायचं थांबलं. केमो चालू राहिली.

आणि बायकोला मी काय सांगितलं? डॉक्टरांनी डोस वाढवलाय, आता तूप चालेल. बस. तिनं वरणावर तूप घातलं, पण चमच्याच्या टोकावर, आणि दर जेवणाला विचारू लागली, चालेल ना? त्रास नाही ना होणार? दोन महिने मी ‘बघू’ म्हणत जेवलो. आयुष्यात मी बऱ्याच लोकांना तुच्छ लेखलं, पण ते ‘बघू’ म्हणणाऱ्या माणसाइतका तुच्छ त्यांच्यात कुणी नव्हता.

एका रविवारी दुपारी तिनं पुन्हा विचारलं आणि मी सांगून टाकलं. नर्सपासून टॅक्सीवाल्यापर्यंत. तुझ्या स्वयंपाकात काही नव्हतं, असंही.

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “नर्सशी दोन वाक्यं बोलायची लाज वाटली तुम्हाला. मला बोलताना नाही वाटली?”

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. तिनं नाशिकला तिच्या ताईला फोन लावला. तेव्हा मला कळलं की इतके महिने ती ताईला सांगत होती, माझ्याच हातचं खाऊन यांचं वजन जातंय. आता तिनं खरं सांगितलं, काही न गाळता, शौचासकट, मी समोर बसलेला असताना. उठून गॅलरीत जायची मला सवय आहे. बसून राहिलो.

ताई पलीकडून काही तरी बोलल्या. बायकोनं फोन माझ्यापुढे धरला. “तुमच्याशी बोलायचंय म्हणते.”

मी तो घेतला आणि म्हणालो, “हो ताई, खरं आहे.”