चपट्या नाकाचे पाहुणे

कुठल्याही लग्नात मी पंगतीला टेकले की शेजारची बाई भात कालवता कालवता विचारते, "मॅडम, तो मांजरीचा किस्सा सांगा ना!" आता कुठला? जालन्यात जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईकडे किस्से मांजराच्या केसांसारखे असतात. झटकले तरी साडीला चिकटून येतात!

आधी माझ्याकडे फक्त शेळ्या, म्हशी आणि गावठी कुत्री यायची. मग गावोगावी पर्शियन मांजरांची हौस सुरू झाली. पहिली पर्शियन आली तेव्हा आमचे कंपाउंडर शेषरावमामा दचकले. मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, उभा जन्म बैल धरण्यात गेलेला. त्यांनी मांजरीचं तोंड निरखलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, हिला गाडीनं ठोकलं का? नाक पार आत गेलंय!"

*

मे महिन्यात घनसावंगीहून सरलाताई नावाच्या शिक्षिका आल्या. काळीपिवळी जीपमध्ये माणसांच्या गर्दीत, मांडीवर पिशवी आणि पिशवीत पर्शियन.

"रस्ताभर हसून राह्यली हो मॅडम! तोंड उघडं ते उघडंच."

मी पिशवीत डोकावले. मांजर तोंड उघडून धापा टाकायला लागलं की समजायचं, जीव टांगणीला लागलाय. त्यात चपटं नाक आणि अंगावर एवढा केसांचा कोट! जीभ निळी पडत होती. ओला टॉवेल, कूलर, ऑक्सिजन! मामांनी नळी धरली. बऱ्याच वेळानं जीभ गुलाबी झाली आणि मांजरीनं मामांना बोचकारलं. "आली शुद्धीवर!" मामा खूश.

सरलाताईंनी नवऱ्याला फोन लावला. "अहो, उन्हाळ्यात हिला एसी लागतो म्हणतात."

पलीकडून आवाज आला, "मंग मलाबी तपासून घे म्हणावं!"

*

एकदा दोघं एकमेकांची कॉलर धरूनच दवाखान्यात शिरले. एक मांजर विकणारा, दुसरा वडीगोद्रीचा ढाबेवाला, ज्यानं ती विकत घेतली होती. मांजर बिचारी बास्केटमध्ये.

"फसवलं मला! अस्सल इराणी म्हणाला. हिला तर चांगलं नाक हाय!"

"अस्सलच हाय बे!"

ढाबेवाल्याचा हात उगारलेला होता. मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, दोघंही ऐका. लांब केसांची मांजरं पूर्वी इराणकडून युरोपात गेली असं सांगतात. त्यांना नाक होतं! पुढं तिकडच्या हौशी लोकांनी चपट्या तोंडाची निवडून निवडून वाढवली. आणि आजच्या पर्शियनचं रक्त तपासलं तर ती युरोपच्या मांजरांच्याच जवळची निघते.

उगारलेला हात खाली आला. मामा म्हणाले, "म्हंजी नाक गोऱ्यानं चेपलं अन् नाव इराणचं? मंग तुम्ही दोघं कशापायी भांडून राह्यले?"

*

चपट्या तोंडामुळं या मांजरांच्या डोळ्यांचं पाणी नाकात उतरत नाही, गालांवर ओघळत राहतं. हे मी एका घरी समजावत होते. त्या दिवशी घरातल्या आजोबांचं संभाजीनगरला हृदयाचं ऑपरेशन चालू होतं, आणि मांजर घळाघळा रडतेय म्हणून आत्याबाईंनी कपाळ बडवून घेतलं होतं. "मुकं जनावर हाय, त्याला आधी कळतं!"

माझं कोण ऐकतंय? तेवढ्यात फोन वाजला.

सगळे फोनभोवती जमले. आजोबांच्या मुलानं स्पीकर लावला.

"सर, पर्सनल लोन घ्यायचं आहे का?"

आत्याबाईंनी फोनला हात जोडले. "न्हाई रे लेकरा, पण तू सुखी राह्य!"

खरा फोन नंतर आला. आजोबा शुद्धीवर आले होते.

*

पर्शियन आणि सयामी यांच्या मिश्रणातून एक जात केलीय. अंग सायीसारखं, कान-तोंड काळं, डोळे निळे. अशा एका मांजरीचं हिवाळ्यात ऑपरेशन केलं, त्यासाठी कुशीचे केस काढले. काही आठवड्यांनी मालक दोन भाऊ घेऊन हजर! काढलेल्या जागी केस काळे आले होते.

"आमची मांजर बदलली तुम्ही! आमची कुठंय ते बोला!"

मी सांगत होते, या जातीचा रंग थंडीवर ठरतो, कातडीला गार लागलं की केस काळे येतात. एका भावानं टेबलावर मूठ आपटली. मामा दारात उभे राहिले. तेवढ्यात भावांसोबत आलेली त्यांची म्हातारी आई बाकावर टेकली, आणि मांजर टेबलावरून उतरून थेट तिच्या मांडीवर चढून तिचा कान चाटायला लागली.

म्हातारी हसली. "रोजच्यावाणी गुदगुल्या करून राह्यली. आपलीच हाय रे! अंगावर पांघरूण घाला तिच्या, न्हाईतर सगळीच काळी व्हईल!"

*

घनसावंगीकडच्या एका वस्तीवर म्हैस बघायला गेले होते. शेजारच्या बाबुरावांच्या अंगणात कापसानं भरलेला टेम्पो निघण्याच्या बेतात होता. तेवढ्यात त्यांची नवी सून मनीषा धावत आली. तिची पांढरीशुभ्र मांजर, माहेराहून सोबत आणलेली, घरात कुठंच नव्हती.

"मामंजी, ती सकाळी टेम्पोत चढल्ती. मी पाह्यलं."

बाबुराव पांढरे पडले. सकाळपासून तेच टेम्पोत उभे राहून कापूस तुडवत होते. मांजरीला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती, "ते पांढरं" म्हणायचे. आता पांढऱ्यात पांढरं शोधायचं कसं? आणि पर्शियन फारशी ओरडतही नाही.

"कोणी पाय हलवू नका!" ते चढले, गुडघ्यावर बसले आणि ओंजळीओंजळीनं कापूस उपसू लागले. "शिमला... ए शिमला... शिमला बाई..." मनीषा खांबाला धरून उभी होती, डोळ्यांत पाणीसुद्धा येईना.

मी ओरडले, "इंजिन बंद करा! सगळे गप्प बसा. नाक चपटं आहे, श्वासाचा आवाज येईल!"

अंगण चिडीचूप झालं. बाबुरावांनी कापसाला कान लावला. थोडे पुढं सरकले. परत कान लावला. मग केबिनच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचा पाय पोचला नव्हता, तिथं ते थांबले. आम्हालाही ऐकू आलं. घुर्रर्र... घुर्रर्र...

त्यांनी कोपरापर्यंत हात घातला आणि तो गोळा बाहेर काढला. शिमलानं एक डोळा उघडला, मिटला आणि पुन्हा घोरायला लागली.

बाबुराव तसेच कापसात बसून राहिले, तिला छातीशी धरून. मग खाली बघून म्हणाले, "सूनबाई, जल्दी गादी टाक. तुझं माहेरचं माणूस दमलंय."