शेवंतीचं बारसं

माझ्या धाकट्या बहिणीचं बारसं मांजरांच्या पाळण्यात झालं.

आज तिचं बारावं. शेवंती गेली, एकोणनव्वदाव्या वर्षी.

काल तिच्या फोटोखाली कोणीतरी कॉमेंट केली, "आजी चांगली होती, पण मांजर दारात उभं करायची नाही. दिसलं की काठी."

बरोबर आहे. काठी घ्यायचीच. का घ्यायची ते आता ऐका.

मी बोलते आहे, नातसून टाइप करते आहे. मी शेवंतीपेक्षा सात वर्षांनी मोठी, तेव्हा मध्ये कोणी शहाणपणा करू नका.

थळच्या बाजूला आमचं गाव. इंग्रजांचं राज्य होतं. जमीन खोताची, आम्ही त्याची कुळं.

खोतीणबाईंना मूल नव्हतं. त्यांनी मुंबईहून बोटीनं पांढऱ्या, लांब केसांच्या मांजरांची जोडी मागवली होती. मागच्या पडवीला त्यांची वेगळी खोली होती. पिल्लं झाली की खोलीच्या दाराला आंब्याची पानं, मांजरीला तूपभात आणि बाराव्या दिवशी बारसं.

थट्टा नाही करत. सागवानी पाळणा, पाळणा म्हणायला गावातल्या बायका, वर घुगऱ्या. मोठी झाली की पिल्लं कुठल्या कुठल्या साहेबांच्या बंगल्यावर भेट म्हणून जायची.

आणि या सगळ्या बाळंतपणांचं काम आमच्या आयकडे. पेंढा बदलायचा, जुनं लुगडं उकळून अंथरायचं, बाहेरच्या चुलीवर मांदेली उकडून काटे काढून मांजरीला भरवायची. आम्हाला काट्यांसकट मिळायची. तीही मिळाली तर.

त्या वर्षी खोताची राणी मांजर आणि आमची आय एकाच दिवशी बाळंत झाल्या.

राणीला चार पिल्लं झाली. आयला परत मुलगी झाली.

खोतानं गावभर गूळ वाटला. आमच्याकडे वडील ओटीवर बसून होते. शेजारणीनं विचारलं, "पालना कधी बांधनार?"

वडील म्हणाले, "परत पोरगीच हाय. तिला कशाला पालना?"

विषय संपला.

बाराव्या दिवशी आय न्हाली, बाळाला फडक्यात गुंडाळलं आणि मला म्हणाली, "चल."

"कुठं?"

"कामाला. खोताकडं बारसं हाय."

पाळणा फुलांनी सजवला होता. पिल्लांचे डोळे नुकते किलकिले झाले होते. बायका पाळणा म्हणत होत्या आणि खोतीणबाई वाकून एकेका पिल्लाचं नाव मोठ्यानं घेत होत्या. जाई. जुई. मोगरा.

आय पाळण्याची दोरी धरून उभी होती. चौथं नाव यायच्या आधी तिनं काखेतलं बाळ अलगद पाळण्याच्या कडेला ठेवलं.

खोतीणबाई म्हणाल्या, "शेवंती."

आयनं वाकून तेच नाव लेकीच्या कानात सांगितलं. हळूच कुर्रही केलं. मी तिला चिकटूनच उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

मग बाईंचं लक्ष गेलं. त्या ओरडल्या वगैरे नाहीत. अगदी शांतपणे म्हणाल्या, "अगं, उचल आधी तिला. माणसाचा वास लागला तर राणी पिल्लांना जवळ घ्यायची नाही."

आयनं बाळ उचललं. म्हणाली, "चुकलं, बाई."

बायका खाली बघून पाळणा म्हणत राहिल्या. सगळ्या आमच्याच आळीतल्या. एकीनंही मान वर केली नाही.

बाईंना मूल नसल्याचं दुःख केवढं असेल ते मला पुढे समजलं. पण त्यांना पाळण्यात बाळ दिसलं आणि सुचला तो वास. त्यांची कीव करायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, मला नाही जमलं.

आयनं वाट्याच्या घुगऱ्या पदरात घेतल्या आणि घरी येऊन वडिलांपुढे ठेवल्या.

"खावा. लेकीच्या बारशाच्या हायेत."

वडिलांनी खाल्ल्या.

आता माझं पाप सांगते. शेवंती दहा वर्षांची असेल. चिंचांवरून आमचं भांडण झालं आणि मी बोलून गेले, "तुझं नाव मांजराचं हाय."

ती तडक आयकडे गेली. "खरं हाय काय?"

आय भात पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मांजराचं न्हाय. दोघींचं एकदम ठेवलं."

त्या दिवसापासून शेवंतीनं मांजर दारात उभं केलं नाही. मला मात्र त्यावरून जन्मात कधी एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तिच्या घरात मुलगी झाली की घुगऱ्या ती स्वतः शिजवायची. मोठ्या टोपात. घरोघरी स्वतः नेऊन द्यायची. गुडघे गेले तरी.

आज बाराव्याला सगळा गाव जेवतो आहे. मांडव आहे, खुर्च्या आहेत, बॅनरवर तिचा हसरा फोटो आहे. यांच्याच आज्या-पणज्या त्या दिवशी खाली बघत होत्या. जेवा पोटभर. मी कोणाला उठवत नाही.

शेवंती, आयला तुझं नाव चोरून सांगावं लागलं. तुझ्यासाठी ते मोठ्यानं कोणी घेतलंच नाही. ते काम राहून गेलं होतं.

नातसून म्हणते, इथे लिहिलेलं सगळ्या गावाला दिसतं. दिसू दे.

जा बाय आता. मी पण येतेच आहे मागून.

मंडळी, मुलीचं नाव शेवंती ठेवलं आहे.

कुर्र.