घरच्याचं शेवटी

हरीदादा पेंटर गाडीवर नाव घालायच्या आधी मालकाला ते नाव मोठ्याने म्हणायला लावायचे. मालक कितीही घाईत असो, सुटका नाही. वैशाखऱ्याच्या नाक्यावर भर दुपारी एखादा बाप्या स्वतःच्या टेम्पोसमोर उभा राहून लेकीचं नाव ओरडतोय, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. "जोरात बोल ना. लाजतोस काय रे लेकीच्या नावाला?" असं म्हणत दादा डोळे मिटून ऐकायचे आणि मग ब्रश उचलायचे. एका गाडीचं अक्षर त्यांनी दुसऱ्या गाडीला कधी दिलं नाही.

मग स्टिकर आले, फ्लेक्स आले. दादांचे ब्रश डब्यात वाळून गेले. "मी जिता हाय नि माजं अक्षर मेलं रे," एकदा ते म्हणाले, आणि मला फार वाईट वाटलं. त्यांना पैशाची हाव नव्हती; आपलं अक्षर पुन्हा रस्त्यावर फिरताना बघायचं होतं, एवढंच.

माझं मुरबाडला शर्ट छापायचं दुकान. म्हटलं, दादांच्या हाताचे मोजकेच शर्ट काढू, लिमिटेड एडिशन. पाठीवर टेम्पोच्या मागच्या फाळक्यावर असते तशी वेलबुट्टी आणि दोन मोर छापायचे. मधली जागा कोरी ठेवायची, तिथे दादा गिऱ्हाइकाचं नाव लिहिणार. मी ऐटीत सांगितलं, "दादा, हे संपले की परत निघणार नाहीत हां!"

दादा खो खो हसले. "ह्यात नवीन काय? माजं एक तरी अक्षर परत निघालंय का?"

ऑर्डरी आल्या. मी मोबाइलवर नावं दाखवली, तर गडी हात लावेना! "मोबाइल वाचून मी नाय लिवनार. ज्याचं त्याला बोलू दे." झालं, एकेकाला फोन लावत बसलो. कल्याणची एक मुलगी नाव सांगताना पुटपुटली. "गो बाय, तू अशी कुजबुजलीस तं अक्षर पन मान खाली घालंल," दादा म्हणाले. दुसऱ्यांदा तिने असं ठणकावून नाव घेतलं, की आतून दादांची बायको, आमच्या वहिनी, त्याही हसल्या.

माझा शर्ट मी रोज पुढे करायचो. दादा बाजूला सारायचे. "तू घरचा ना? पंगतीत घरचे कवा बसतात? घरच्याचं शेवटी."

शेवटचा शर्ट कुरियरला दिला त्या संध्याकाळी मी माझा घेऊन दादांकडे निघणार होतो. दादा फोनवर म्हणाले, "उद्या ये. आज दमलोय." पहाटे त्यांच्या छातीत कळ आली. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

लोक शर्ट घालून फोटो पाठवत होते, आणि ते दाखवायला दादा नव्हते. एकदा, फक्त एकदा, हट्टाने त्यांच्यासमोर उभं राहून मी माझं नाव जोरात घ्यायला हवं होतं. काय बिघडलं असतं!

तेराव्याला मी मोरांमधली जागा कोरीच राहिलेला तो शर्ट घालून वाढत होतो. वहिनींनी पहिल्या पंगतीत माझ्यासाठी पान मांडलं. "बस रे, पाहुण्यांसोबत जेवून घे."

"नको वहिनी," मी म्हणालो, "मी शेवटी बसतो."

वहिनींनी माझ्या पाठीकडे पाहिलं आणि ते पान दुसऱ्याला दिलं.