कोठाराच्या भिंतीचा सांधा

आमच्या थोरल्या दिरांबद्दल चांगलं बोलणारी माणसं आहेत. त्यांना त्या माणसाबरोबर राहावं लागत नाही, म्हणून बोलतात. चुन्याचा गिलावा करावा तर त्यांनीच, हे मलाही मान्य आहे. पण नाकावर माशी बसू देणार नाहीत. सासऱ्यांनी जाताना आपली थापी धाकट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला दिली, तेव्हापासून सख्ख्या भावाशी अबोला. माझा नवराही काही कमी नाही.

मग जुन्या धान्यकोठाराचं वस्तीसाठी सभागृह करायचं ठरलं. सिमेंट नको, पडलेला चुना चाळून पुन्हा लावायचा, अशी कमिटीची अट. आमच्या भागात ते काम येणारे हे दोघेच. मोठी भिंत जमली की सगळ्या इमारतीचं काम आमचं, म्हणजे कितीतरी वर्षं घर चालणार. मी हुरळून गेले, मूर्खासारखी.

चुन्याची भिंत अर्ध्यात सोडून चालत नाही. दोघं दोन टोकांनी निघाले की ओली कड ओल्या कडेला मिळायला हवी, नाहीतर सांधा फाटतो. त्यासाठी ‘आलो’, ‘थांब’ एवढं तरी बोलावं लागतं. इथं तोंडाला कुलूप! निरोप माझ्यामार्फत. त्याला सांग, माल पातळ झालाय. त्यांना सांग, स्वतःचं बघा. चुना कालवून माझे हात उललेले, वर ही हमाली.

दुपारी दोघं हातभर अंतरावर आले आणि थांबले. मधली पट्टी कोण भरणार, हे धाकट्यानं विचारावं असं थोरल्यांचं म्हणणं. धाकटा गप्प. माझ्या डोळ्यांदेखत कडा पांढऱ्या पडायला लागल्या. मी हात जोडले, मग शिव्या दिल्या. दोघं ढिम्म. कमिटीच्या बाई येताना दिसल्या तेव्हा कुठे दोघांनी घाईघाईनं पट्टी लिंपली.

आठवडाभरात छतापासून खालपर्यंत फट गेली. बाईंनी विचारलं, "हा सांधा कुणी केला?"

"यानं," दोघं एकमेकांकडे हात करून म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एकमत.

उरलेलं काम परगावच्या गवंड्यांना गेलं. आता तिथं वस्तीच्या सभा होतात. थोरले दीर फटीला पाठ लावून बसतात, कुणाला दिसू नये म्हणून. माझा नवरा समोर बसून आल्यागेल्याला बोटानं दाखवतो. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. सभा संपली की दोघं वेगवेगळ्या दारांनी घरी जातात आणि मी मागे राहून फरशी पुसते. आमच्या घराला त्या इमारतीत तेवढंच काम मिळालं.