पुढच्या मॉडेलात

आमच्या भाऊजींइतका थांबू शकणारा माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल, आणि घडवायला घेतला असेल तर त्याने अर्ध्यावर हात आखडावा अशी माझी त्याला हात जोडून विनंती आहे. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान. सडक अर्जुनीला हायवेला लागून त्यांची राईस मिल आहे, धानाची शेती आहे, घरात कशाला कमी नाही. कमी होती ती एका मोटारीची. तुम्ही म्हणाल, घ्यायची की मग! अहो, हेच तर आम्ही सगळे वर्षानुवर्षं म्हणत होतो. पण भाऊजींना साधी मोटार नको होती. एक परदेशी कंपनी आहे. ती बसक्या, दोन दरवाज्यांच्या रेसच्या गाड्या बनवते आणि त्याच नाकाडोळ्यांच्या उंच एसयूव्हीही बनवते. तिचं नाव मी घेणार नाही, कारण ते नाव काढलं की आजही माझं डोकं उठतं. त्या कंपनीची गाडी घ्यायची हे भाऊजींनी तरुणपणीच ठरवलं होतं, आणि ती यंदा घ्यायची नाही हेही तेव्हाच ठरवलं होतं. कारण पुढच्या वर्षी नवं मॉडेल येणार असायचं.

ही कंपनी म्हणे दरसाली गाडीत काही ना काही बदलते. माझं आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावात साड्यांचं दुकान आहे. काठ तोच ठेवायचा, पदरावरची बुट्टी बदलायची आणि ‘नवीन माल आला’ म्हणून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात थप्पी लावायची, हा धंदा मला चांगला कळतो. भाऊजींना मात्र तो कळत नसे, की कळून घ्यायचा नसे, देव जाणे. मागचे दिवे आधी दोन होते, मग त्यांची एकच लांब पट्टी झाली. धुराची नळकांडी गोल होती, ती चौकोनी झाली. आतली सगळी बटणं काढून काचेचा पडदा बसवला, लोकांनी कुरकुर केली, मग त्यातली थोडी बटणं परत बसवली. राखाडी रंगाला दरवर्षी नवं नाव, आणि रंग मात्र तोच, आमच्या चुलीतल्या राखेचा. हे सगळं भाऊजींना तोंडपाठ. मिलच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून ते हायवेकडे तोंड करून बसत. ट्रक, ट्रॅव्हल्स, पुन्हा ट्रक, आणि मधूनच एखादी तसली गाडी सर्रकन रायपूरकडे निघून जाई. “पाहिली का छोटी? आरसा दाराले लागला होता, काचेले नाही. मागच्या वर्षीची होय,” असं ते मला सांगत, आणि ती गाडी जणू नापास झाल्यासारखी मान हलवत. छोटी म्हणजे मी. माझे केस पांढरे झाले तरी भाऊजींच्या लेखी मी छोटीच आहे.

आधी त्यांचा जीव रेसच्या गाडीवर होता. पण ती गाडी इतकी बसकी, की त्यांच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तिचं पोट घासलं असतं. भाऊजींनी टेपने तो ब्रेकर मोजला, कंपनीच्या पुस्तकातला आकडा शेजारी ठेवला आणि ग्रामपंचायतीत अर्ज दिला. नसलेल्या गाडीसाठी असलेला ब्रेकर काढा, असा अर्ज आमच्या भागात तरी पहिलाच असावा. पंचायतीतली मंडळी हसली, पण भाऊजी चिकट. जाता-येता इतकं डोकं खाल्लं, की शेवटी रस्ता डांबरताना पंचायतीने तो ब्रेकर सपाट केला. त्याच साली कंपनीने रेसच्या गाडीचं पुढचं तोंड बदललं, ते काही भाऊजींना आवडलं नाही, आणि त्यांनी मन उचलून उंच एसयूव्हीवर ठेवलं. गाडी आली नाही ती नाहीच. सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर मात्र भरधाव सुटायला लागले, आणि समोरच्या देवळात जायला ताईला रस्ता ओलांडायची भीती वाटायला लागली. मग ती दारातूनच हात जोडायची.

घरातल्या साऱ्या गोष्टी भाऊजी मॉडेलच्या हिशोबाने लक्षात ठेवत. माझं लग्न झालं ते गोल दिव्यांच्या वर्षी. ताईची मुलगी शिकायला पुण्याला गेली ते मागचा पंख आपोआप वर येणाऱ्या मॉडेलच्या वर्षी. आमची आई वारली तेव्हा सगळे रडत बसलेले, आणि भाऊजी माझ्या नवऱ्याला म्हणाले, “आईचं मॉडेल मजबूत होतं हो. आता तसा पत्रा नाही येत.” माझा भाऊ त्यांच्या अंगावर धावून जायचाच बाकी होता. पण ताई पदरात तोंड घालून हसली. सुतकात हसलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. त्या माणसाचं सगळंच तिला गोड वाटायचं, आणि तिथेच सगळी माती झाली असं माझं मत आहे.

कारण हे थांबणं मोटारीपुरतं राहिलं नाही. फ्रिज घ्यायचा, थांबा, नवा येऊन राहिला. मिक्सर जळला, थांबा. त्यांच्या फ्रिजचं दार किती वर्षं सुतळीने बांधलेलं होतं ते विचारू नका. दूध काढायचं तर आधी गाठ सोडायची. बाहेर जायचं तर वडिलांच्या वेळची जीप, तिच्या दांड्याला लोंबकळत ताई चढायची. “कायले चिडते तू?” ती मलाच म्हणायची, “मोठी गाडी आली का पहिले आपल्या गावाले जाऊ. तलावाच्या पाळीवर जाऊन बसू दोघी.” आमच्या माहेरच्या गावी मोठा तलाव आहे, आमच्याच पूर्वजांनी बांधलेला. लहानपणी त्याच्या मातीच्या पाळीवरून, म्हणजे बंधाऱ्यावरून, आम्ही बहिणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचो, आणि ताई नेहमी माझ्या पुढे असायची.

पळणाऱ्या त्या पायांचे गुडघे पुढे पार झिजले. आधी जिना सुटला, मग जमिनीवर बसणं, मग बांधावर जाणं. शेवटी मी दुकान बंद ठेवलं आणि दोघांना नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर भला माणूस. त्याने टेबलावर धातूचा सांधा ठेवला, वाकवून दाखवला आणि सांगितलं, दोन्ही गुडघे बदलून टाका, बाई पुन्हा चालायला लागतील. ताईने त्या सांध्याला बोट लावून पाहिलं. “पाळीवर चढता येईल का हो?” तिने विचारलं. डॉक्टरांना पाळ म्हणजे काय ते कळलं नाही, पण येईल म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात भाऊजींनी तो सांधा हातात घेतला, उलटापालटा केला आणि विचारलं, “हे कोणत्या सालचं मॉडेल होय?”

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. हसत हसतच ते म्हणाले, “अहो, यात दरवर्षी सुधारणा होतच असते.” झालं! बिचाऱ्याने सहज बोललेला तो ‘दरवर्षी’ भाऊजींच्या कानात जाऊन बसला. परतीच्या वाटेवर भंडारा येईपर्यंत ते बोटांवर सालं मोजत होते. मग म्हणाले, “जुन्या मॉडेलचा गुडघा कायले बसवायचा? एकदाच बसते तो. पुढच्या वर्षीचा चांगला राहील.” मी ओरडले, “भाऊजी, तो गुडघा आहे, गाडीचा दिवा नाही!” भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने दचकून ब्रेक मारला. भाऊजींना माझा रागही आला नाही. ते अगदी मनापासून म्हणाले, “म्हणूनच तर थांबतो ना, छोटी. गाडी वाईट निघाली तर विकता येते. इचे पाय कुठं विकू?” या माणसाशी भांडावं तरी कसं, सांगा! जगातली सगळ्यात चांगली वस्तू त्याला आपल्या बायकोला द्यायची होती. फक्त ती वस्तू नेहमी पुढच्या वर्षी निघायची.

आणि ताई? मी तिला एकटीला गाठून सांगितलं, तू हो म्हण, मी नेते, त्यांना विचारू नको. ती म्हणाली, “असू दे वो बाई. त्यायचा जीव आहे माह्यावर. ते उगाच नाही थांबत.” पुढच्या वर्षी भाऊजींनी फोन करून डॉक्टरांना विचारलं, नवीन काय आलं? काहीतरी आलं होतं, आणि त्याहून चांगलं काहीतरी येणार होतं. असं एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. ताई काठीवर आली, मग भिंत धरून चालायला लागली. मी सणावाराला जायची, भांडायची, रागाने पुढची एसटी पकडून परत यायची. भाऊजी फाटकापर्यंत सोडायला येत आणि वाटेत, कंपनीने यंदा गाडीला कशी नवी चाकं दिली, ते सांगत.

मग एका हिवाळ्यात ताईच्या छातीत दुखायला लागलं. दवाखाना झाला, ती त्यातून वाचली. पण त्याच डॉक्टरांनी या वेळी न हसता सांगितलं, की हिचं हृदय आता मोठं ऑपरेशन सोसणार नाही, गुडघ्याचा विचार सोडून द्या. भाऊजींनी विचारलं, “पुढच्या वर्षी?” डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बाहेरच्या बाकावर भाऊजी माझ्या शेजारी येऊन बसले. मी त्यांना जे बोलायला हवं होतं, ते सगळं आधीच बोलून झालं होतं.

ताईला घरी आणलं आणि चार-आठ दिवसांत भाऊजी एकटेच नागपूरला गेले. शोरूममध्ये जी एसयूव्ही उभी होती ती त्यांनी घेतली. रंग तो, ज्याला ते जन्मभर राख म्हणून हसत आले. कोणत्या सालची हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही, हे मला गाडी घेऊन आलेल्या शोरूमच्या माणसाने सांगितलं. “अंकलजी ने कुछ पूछा ही नहीं,” तो म्हणाला, “बोले, आज ही चाहिए.” सारी गल्ली गोळा झाली. मी गोरेगावहून पेढे घेऊन गेले होते. ताईला नवी साडी नेसवली, हिरवी, आमच्याच दुकानातली. मी आणि एका शेजारणीने धरून तिला दारापर्यंत आणलं. गाडीचं दार उघडलं, आत गारवा, नव्या चामड्याचा वास. आणि ताई पाय उचलायला गेली. तो उचललाच जाईना. गाडी उंच, गुडघा वाकत नाही. पाट ठेवला, मग स्टूल ठेवला, तरी नाही. उचलून बसवू म्हटलं तर ती दुखण्याने कळवळली.

“थांबा, थांबा,” भाऊजी म्हणाले आणि आत वाकले. “हे खाली बसते. बटन दाबलं का म्हशीवानी खाली बसते, माणूस चढला का उठते.” ते इकडे दाबत होते, तिकडे दाबत होते. काचेच्या पडद्यावर काहीबाही उजळत होतं. शोरूमचा माणूस हळूच म्हणाला, “अंकलजी, ये पिछले साल वाली है. वो फीचर तो नये मॉडल में है.” भाऊजींचा हात तसाच राहिला. उभा जन्म ज्याने मॉडेलांची सालं तपासली, त्याच्याकडून सालाचीच चूक व्हावी! गल्लीत कुणी हसलं नाही. ताईने गाडीच्या दारावर हात फिरवला, कुणाच्या तरी लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि म्हणाली, “असू द्या हो. पुढच्या मॉडेलात बसीन.” ती टोमणा मारत होती की समजूत घालत होती, हे मला अजूनही कळलेलं नाही. भाऊजींना कळलं असावं, कारण ते मिलच्या मागे निघून गेले आणि जेवायलाही आले नाहीत.

गाडी आता पडवीसमोर ताडपत्रीखाली असते. मिलबाहेरची खुर्ची भाऊजींनी आत आणली. परवा धानाची कापणी सुरू असताना मी गेले होते. खरं सांगते, भांडायलाच गेले होते. आदल्या दिवशी मोबाइलवर मी मुद्दाम पाहून ठेवलं होतं, की कंपनीने यंदा काय बदललं. राखाडीचं नाव बदललं होतं, बाकी काही नाही. हे त्यांच्या तोंडावर फेकायचं, आणि याच्यासाठी माझ्या बहिणीचे पाय गेले असं सुनावायचं, म्हणून बसमध्ये वाक्यंसुद्धा जुळवली होती. पोचले, चहा टाकला, तो घेऊन पडवीच्या दारात आले, तर ताई बाजेवर पाय लांब करून बसलेली, आणि भाऊजी तिच्या गुडघ्याला तेल चोळत होते.

“आयकता का,” ताई म्हणाली, “यंदा काय बदललं हो?”

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. भाऊजींनी वर पाहिलं नाही. तेल चोळत म्हणाले, “यंदा? यंदा लगित बदललं, सारंच बदललं. बटन दाबलं का आता गाडी पुरी खाली येते. जमिनीले टेकते. पाय उचलाचं कामच नाही.”

“अन् मंग?”

“मंग तू बसते. मी दार लावतो.”

“अन् जातो कुठं आपण?”

भाऊजींनी वाटीतलं तेल पुन्हा हातावर घेतलं. एवढ्या मॉडेलांत हा प्रश्न त्यांच्यापुढे कधी आलाच नसावा. मग हळूच म्हणाले, “तुमच्या तलावावर. पाळीवर चढते ते आता. सीध्धी चढते.”

“हो का?” म्हणून ताईने डोळे मिटले. दिव्याच्या एका पट्टीबद्दलसुद्धा कधी चुकीचं न बोललेला हा माणूस माझ्यासमोर धडधडीत खोटं बोलत होता, आणि ती ते सगळं ऐकून घेत होती. मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण चहा हातात घेऊन मी तशीच दारात उभी राहिले, आणि जुळवून आणलेलं सगळं माझ्याकडेच राहून गेलं.