मोहाच्या पाल्याखाली

नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही. रविवारी विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा स्वतःलासुद्धा नीट शब्दांत सांगितलेलं नाही. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखणाऱ्यांपुढे माझं एक नाव आहे, ते मीच कष्टानं कमावलंय — आणि ते घालवायचा धीर मला अजून झालेला नाही.

नाव कसलं, ते आधी ऐका. मी कचऱ्यावरून भांडणारी बाई आहे. आमच्या ऑफिसची बस तेलीबांध्याहून नव्या रायपूरला जाते. त्या बसच्या खिडकीतून कुणी शेंगांची टरफलं टाकली, तरी मी मागच्या सीटवरून ओरडते. पाठीमागे मला ‘कचरा मैडम’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. आणि खरं सांगू? मला ते आवडायचं.

त्यात सहलीची गोष्ट निघाली की माझा पारा चढलाच म्हणून समजा. आमच्याकडे रविवारी निम्मं शहर गाड्या काढून जंगलाकडे धावतं — नदीचं पात्र, धरणाचा काठ, धबधबा, जिथं म्हणून हिरवं दिसेल तिथं. आणि सोमवारी तिथं काय उरतं? थर्माकोलच्या ताटल्या, डिस्पोजल ग्लास, झुडपांना लटकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या, उष्ट्या भातावर बसलेल्या माश्या. आणि काच. रिकामी बाटली दगडावर आपटून फोडण्यात कसली मर्दुमकी असते, हे मला आजवर कळलेलं नाही. त्या लोकांची मला मनापासून चीड होती. ती चीड खोटी होती असं म्हणता आलं असतं, तर हे सांगणं सोपं झालं असतं. पण ती खरी होती.

तर, गौरी. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. छत्तीसगढी आहे, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, मला दीदी म्हणते. इतकी वर्षं दुपारचा डबा आम्ही एकत्र खाल्ला. माझ्या डब्यातलं आंब्याचं लोणचं तर ती हक्कानं घ्यायची — माझी आई नागपूरकडची, तिच्या हातचा मसाला, तेलात बुडालेली मुरलेली फोड. ‘दीदी, अथान किधर है?’ असं विचारल्याशिवाय ती पहिला घास घ्यायची नाही. छत्तीसगढीत लोणच्याला अथान म्हणतात.

गौरीचं माहेर जंगलाच्या कडेला, तास-दोन तासांच्या वाटेवर. एका मार्चमध्ये तिनंच आम्हा ऑफिसच्या बायकांना बोलावलं — ‘मेरे गाँव चलो, महुआ के नीचे बैठेंगे.’ आम्ही गाडी ठरवली. आमच्यात प्राची होती. नवीन लागलेली पोरगी, गोंदियाची, आपल्यातलीच. मी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, पण मला मावशी म्हणायची. तिची आई तिला सोडायला आली होती, तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, ‘पोट्टी एकटी आहे जी इथं. तुम्ही लक्ष ठेवजा.’ मी हो म्हणाले होते.

सहलीचे कायदे अर्थातच मी केले. डिस्पोजल काही आणायचं नाही. घरून स्टीलची ताटं आणायची. प्लास्टिकचा डबा नको म्हणून मी मुद्दाम लोणचं काचेच्या बरणीत नेलं — कॉफीची रिकामी, रुंद तोंडाची बरणी. गाडीत ती मांडीवर धरून मी सगळ्यांना दाखवत होते! शिवाय कचऱ्यासाठी शिवलेली कापडी पिशवी. वाटेत रस्त्याकडेचे ढीग दिसले की माझं प्रवचन सुरू. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ना, ते मी जाता-येता करत होते.

महुआ म्हणजे आपलं मोहाचं झाड; त्याखालची ती जागा इतकी स्वच्छ होती की मला कौतुक वाटलं. एक पान नाही, काडी नाही. मी लगेच बाकीच्यांना ऐकवलं, बघा, गावातली माणसं जंगल कसं राखतात! गौरी हसली. म्हणाली, ‘दाई रोज बुहारती है, दीदी. रात भर महुआ गिरता है, भोर में बीनना पड़ता है ना.’ दाई म्हणजे तिची आई. फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून खालची जमीन झाडून ठेवायची, पाला एका बाजूला लोटायचा. बाजूला तो ढीग होताच, कोरडा, कमरेएवढा. हे सगळं मी ऐकलं. समजून घेतलं. मान डोलावली. मला माहीत नव्हतं, असं म्हणायला कुठं जागा उरली?

जेवण झालं. प्राचीनं वेफरचं पाकीट चुरगाळून मागं फेकलं, आणि मी तिला सगळ्यांसमोर उठवून ते उचलायला लावलं. नुसतं उचलायला लावून थांबले नाही — आईबापांनी हेच शिकवलं का, असंही म्हणाले. तिचा चेहरा लाल झाला. तिनं आणलेल्या सरबताच्या दोन काचेच्या बाटल्याही मीच, माझ्या हातानं, पिशवीत गुंडाळून गाडीत ठेवल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

निघताना सगळ्या पुढं गेल्या. मी बरणी घ्यायला मागं आले. ती मुळाशी राहिली होती, अर्धी भरलेली. हात तेलकट होते — की घाई होती — सुटली. खाली एक दगड होता. आवाजसुद्धा फार झाला नाही. तेल, मसाला, फोडी, आणि काचा. मोठे तुकडे होते, बारीकही होते. पिशवी माझ्या खांद्यालाच होती. मी खाली बसले, एक तुकडा उचलला, बोटाला जरासं लागलं. आणि रस्त्यावरून प्राची ओरडली — ‘मावशी, चलो ना! क्या कर रहे हो?’

मग मी काय केलं?

मला तिचं हसणं ऐकू आलं. ती हसली नव्हती, पण मला ऐकू आलं. ‘मावशी, आपने भी?’ असं ती म्हणेल, सगळ्या हसतील, बसमध्ये महिनाभर हाच विषय पुरेल. तिला पाकीट उचलायला लावून तासही झाला नव्हता. एका पोरीच्या हसण्याला घाबरले मी — पन्नाशीला टेकलेली बाई. चपलेनं त्या काचा लोटल्या, मसाल्यासकट, त्या पाल्याच्या ढिगात. वरून दोन्ही हातांनी पाला ओढला. जमीन पुन्हा स्वच्छ दिसू लागली. पाला काय, जाळूनच टाकतील, असं मनात म्हणाले. आणि तो जाळण्याआधी कुणाचे तरी हात त्यात जातील, हे सुचलं नाही? सुचलं होतं. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाई आली. रात्री पडलेला पाला तिनं गोळा केला, जुना ढीग जरा सावरून घ्यावा म्हणून त्यात हात घातला आणि जोर देऊन दाबला. काच उजव्या तळव्यात शिरली.

गौरी काही दिवस ऑफिसला आली नाही. आली तेव्हा म्हणाली, दाईचा हात पिकला होता, रायपूरला आणून ऑपरेशन करावं लागलं, आत शीर तुटली होती, आता दोन बोटं मिटत नाहीत. मोह वेचणारी बाई. एकेक फूल बोटांनी उचलायचं असतं. पुढच्या वर्षापासून ते झाड तिच्या दिराच्या घरानं वेचायला घेतलं. वरून गावात बोलणी — पोरीनं शहरातल्या बायका आणल्या आणि घाण करून गेल्या. गौरीच्या भावानं रागारागानं सगळ्या काचा खड्ड्यात पुरल्या होत्या. काच कसली, कुणाची, हे कुणी पाहिलंच नाही.

डब्याच्या वेळी कुणीतरी म्हणालं, काचेच्या बाटल्या तर प्राचीनंच आणल्या होत्या. माझ्या बरणीचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही; ‘कचरा मैडम’ची बरणी ती, परत गेलीच असणार. प्राची म्हणाली, मी त्या परत नेल्या, दुकानात देऊनही टाकल्या. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मीच ठेवल्या होत्या ना गाडीत — तिला वाटलं, मावशी सांगेल.

मी म्हणाले, ‘मैं तो उसी दिन बोल रही थी.’

एवढंच म्हणाले. यात खोटं काय आहे, सांगा? त्या दिवशी मी बोलतच होते. ऐकणाऱ्यांनी पुढचं आपलं आपण जोडलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण मला तर ओरडावंही लागलं नाही.

इथंच थांबले असते तरी — नाही, ऐका. प्राचीशी बोलणं सगळ्यांनी टाकलं. ती आपल्या टेबलावर एकटी डबा खाऊ लागली. मग मी काय केलं असेल? मी मोठेपणा केला. तिला बाजूला घेतलं आणि समजावलं, ‘माफी मागून टाक, विषय संपेल.’ ती म्हणाली, ‘पर मैंने किया ही नहीं, मावशी.’ मी म्हणाले, माहीत आहे गं, पण माणसं जोडून ठेवायची असतात. माहीत आहे, असं मी तिला म्हणाले! तिला ते धीराचं बोलणं वाटलं. ती माझ्यासोबत गौरीपुढे उभी राहिली, ‘सॉरी दीदी, गलती हो गई’ म्हणाली आणि रडली. माझा हात तिच्या पाठीवर होता.

पुढं तिनं बदली मागून घेतली. तिच्या आईचा फोन आला — ‘ताई, खरंच का जी असं केलं माह्या पोट्टीनं?’ मी म्हणाले, जाऊ द्या हो, लहान आहे, आम्ही कुणी मनात ठेवलं नाही. त्या माउलीनं माझे आभार मानले. त्या रात्री नवरा म्हणाला, ‘काहून वं, जेवून नाही राहिली?’ डोकं दुखतं म्हणाले. डोकं दुखत नव्हतं.

विहारात अजून जाते. पंचशील म्हणते. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं माझा आवाज बसतो असं तुम्हाला वाटेल. बसत नाही. खणखणीत निघतो. ऑफिसात स्वच्छतेचा कार्यक्रम असला की भाषणाला अजून मलाच उभं करतात, आणि जंगलात फोडलेल्या काचेवर मी असं काही बोलते की टाळ्या पडतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी दुसऱ्यांसाठी किती वेळा वापरली असेल!

आणि गौरी? गौरी तशीच राहिली. दीदी म्हणते, शेजारी बसते. फक्त माझं लोणचं घेत नाही. पित्त होतं म्हणाली. मी ते मानलं. मानायला काय लागतं?

मग एकदा तिच्या भावाच्या मुलाची छठी होती, म्हणजे जन्मानंतरच्या सहाव्या दिवसाचं जेवण, तेव्हा तिनं मला गावी नेलं. नको म्हणायला कारण सापडलं नाही. दाईनं स्वतः वाढलं — डाव्या हातानं, उजवा तसाच अर्धा उघडा, पोटाशी धरलेला. माझ्या ताटात भात, डाळ, भाजी आली. शेवटी तिनं घरचं लोणचं वाढलं आणि माझ्यासमोर खाली बसली. आवाजात राग नव्हता. पाऊसपाण्याचं बोलावं तशी बोलली.

‘ओ दिन पाना म अथान के बास आवत रिहिस, बेटी. बने आमा के अथान.’ त्या दिवशी पाल्याला लोणच्याचा वास येत होता, चांगल्या आंब्याच्या लोणच्याचा. मग माझ्याकडे पाहून विचारलं, ‘काकर रिहिस होही?’ कुणाचं असेल?

गौरी माझ्या शेजारीच जेवत होती. तिचा हात ताटात थांबला. तिनं वर पाहिलं नाही. त्या सहलीत लोणचं कुणी आणलं होतं, हे तिला कुणी सांगायला हवं होतं का? तिनं फोडी मोजून घेतल्या होत्या, मसाला बोटानं चाटला होता. ती वाट पाहत होती. कदाचित याचसाठी तिनं मला तिथं आणलं होतं.

मी म्हणाले, ‘मालूम नहीं, दाई.’

दाई ‘हव’ म्हणाली, म्हणजे बरं. गौरीचा हात पुन्हा हलू लागला. तिनं माझं ताट पाहिलं आणि म्हणाली, ‘अथान लो ना, दीदी.’

मी घेतलं. सगळं खाल्लं.